भिंतीवर नऊ काचा

११ फेब्रुवारी

मामा, मामी, पाया पडते.

फोनवर मामांना ऐकू येत नाही आणि मामी मधेच स्वतःचं सुरू करतात, म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीत सुटली ते तुम्हाला माहीतच आहे. चुका पदरात घ्या.

आमची खोली चर्चच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी आहे, हे लग्नानंतर सांगितलंच होतं. मी आतली झाडलोट करते. तुमचे जावई बाहेर गवंडीकामाला जातात, आणि इथलं बारीकसारीक पण तेच बघतात. परवा सकाळी मी बाकांखालून झाडत होते. गुंडीला बाजूला सतरंजीवर ठेवलं होतं. आता आठ महिन्यांची झाली, बसते, पण पुढे जात नाही. वरून काहीतरी आलं आणि तिच्यापासून दोन हातांवर फुटलं. दगडाचा तुकडा. तळहाताएवढा, पातळ. आवाज एवढा मोठा झाला की ती रडायची पण विसरली. मग मीच रडले.

चर्चच्या कमिटीचे इंजिनियर आले. दुर्बीण लावून वर बघितलं. म्हणाले, "इमारत संपली. कमानी सुटायला लागल्यात." दारावर पाटी लावली, धोकादायक, आत येऊ नये. जुलैत सगळ्या सभासदांची सभा आहे. तिथे पाडायचं ठरवणार आणि सपाट छताचा हॉल बांधणार, टाइल्स, एसी, सगळं. फादर म्हातारे आहेत. ते म्हणतात, सभा म्हणेल तसं.

इमारत गेली की आमची खोली पण गेली. पण त्याच्यासाठी लिहीत नाही. मला एवढंच सांगा, पडणार का हे? तुम्ही आयुष्यभर दगडच बसवलेत. आता झाडताना माझी मान वरच असते. पोरीला घेऊन तुमच्याकडे निघून येऊ का? तुमच्या जावयांनी तो तुकडा उचलला, उलटसुलट बघितला आणि खिशात टाकला.

तुमची,
भाची


१९ फेब्रुवारी

पोरी,

लिहितेय मी, तुझी मामी. बोलतायत तुझे मामा. डोळ्यांनी आता त्यांना माझं तोंड पण दिसत नाही, त्यामुळे संसार बरा चाललाय. ते जे म्हणतील ते जसंच्या तसं लिहिते, शिव्या सोडून.

ऐक. घाबरायचं तर नीट घाबर. अर्धवट घाबरलेलं माणूस वर बघत चालतं आणि खाली ठेचकाळतं. तुकडा पातळ होता म्हणालीस. म्हणजे दगडाची कातडी निघाली. कमान सुटते तेव्हा कातडी नाही येत, अख्खा दगड येतो, आणि पत्र लिहायला कोणी उरत नाही. (हे लिहायला लावू नका म्हटलं होतं मी. - मामी)

ती टोकदार कमान म्हणजे समोरासमोर उभी राहून एकमेकांवर रेललेली दोन माणसं. दोघंही पडतायत, म्हणून दोघंही उभी. त्यांचे पाय बाहेर सरकू नयेत म्हणून बाहेरून दगडी धिरे दिलेले असतात, भिंतीला हात लावून उभे असल्यासारखे. ते जाऊन बघ. धिरा भिंतीपासून सुटला असेल, मधे हात जात असेल, तर त्याच दिवशी पोरीला घेऊन निघ. सुटला नसेल तर पुढचं ऐक.

फोटोंच्या चौकटी करणाऱ्याकडून काचेच्या पट्ट्या आण. बोटभर रुंद, वीतभर लांब, पातळात पातळ. भिंतीला जिथे तडा दिसेल तिथे तड्यावर आडवी धरायची आणि दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवायची. मधला भाग मोकळा. शेजारी तारीख घाल. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. काच कोणाची भीड धरत नाही, इंजिनियरची पण नाही आणि माझी पण नाही. त्याने एकदा दुर्बिणीतून बघितलं, तू रोज जवळून बघ.

आणि दगडांच्या मधल्या दरजांमध्ये काय भरलंय ते नखाने खरवडून कळव. चुना असेल तर नखात येईल.

गुंडीला आत न्यायचं नाही. सगळं कळेपर्यंत नाही म्हणजे नाही.

मामा (आणि हाताला कळ आलेली मामी)


६ मार्च

मामा, मामी,

धिरे बघितले. सगळ्यांना हात लावून आले. भिंतीला घट्ट आहेत, मधे कागद पण जात नाही. त्यांच्या वर ती पाणी ओकणारी दगडी भुतं आहेत ना, त्यातल्या एकाचं तोंड थेट मामींच्या धाकट्या भावासारखं आहे. रागावू नका मामी, खरंच आहे.

काचा लावल्या. नऊ. चार उत्तरेच्या भिंतीला, तिकडेच तडे जास्त. दोन मनोऱ्याच्या जिन्यात, दोन वरच्या सज्जात, आणि एक कमान जिथून सुरू होते तिथे. ती तुमच्या जावयांनी शिडीवर चढून लावली, मी खालून शिडी धरली. शेजारी पेन्सिलने आकडा आणि तारीख घातली. रोज सकाळी गुंडीला शेजारच्या शिंपीणबाईंकडे ठेवते आणि एकेक काच बघून येते. अजून एकही तडकली नाही.

पाटी लावली तरी माणसं येतात. बाजूचं दार माझ्या खोलीला लागून आहे, तिथे येऊन उभी राहतात. मी आत सोडत नाही, फक्त भरभक्कम मनोऱ्याखालच्या बाकावर बसू देते. एक नर्सबाई ड्युटी संपली की मंगळवारी येते, बूट काढते आणि नुसती बसते. एक बसड्रायव्हर आहे. त्याला विचारलं, तुम्ही प्रार्थनेला कधी दिसत नाही. म्हणाला, "मी देव मानत नाही बाई. मी हे छत मानतो."

मला आधी वाटायचं, एवढं उंच कशाला बांधायचं? कोण राहतं वर? एवढ्या उंच छताखाली माणसाला आपण चिलटासारखं वाटायला पाहिजे. मला उलट होतं, मामा. पाठ आपोआप ताठ होते. घरमालक, दुकानदार, दवाखान्यातली कारकून, सगळ्यांपुढे मी वाकून बोलते. इथे वाकायचं सुचतच नाही. नवीन हॉलचं चित्र फादरांनी दाखवलं. चांगलंय, स्वच्छ आहे. पण ते चित्र बघून माझी पाठ वाकलेलीच राहिली.

काचा लावताना दगडांवर खुणा दिसल्या. एकावर तीन रेघा, एकावर माशासारखं काहीतरी. ते काय?

दरजा खरवडल्या. नख मोडलं. करडं आहे, कडक. बाकी सगळं बरं.

भाची


१४ मार्च

पोरी,

आज शिव्या इतक्या होत्या की अर्धं पत्र रिकामं जाईल. लिहिता येण्यासारखं तेवढं लिहिते. - मामी

नख मोडलं म्हणजे सिमेंट. कोण तो गाढव? जुन्या मऊ दगडाच्या भिंतीत सिमेंट भरणाऱ्याच्या हातातली थापी काढून घ्यावी आणि त्याला तीच फेकून मारावी. अगं, दगड पाणी पितो. पावसाचं पितो, जमिनीतलं पितो. प्यायलेलं पाणी तो दरजांमधल्या चुन्यातून बाहेर टाकतो. चुना मऊ असतो, श्वास घेतो, स्वतः झिजतो आणि दगडाला वाचवतो. दर काही वर्षांनी नवा भरायचा, काम संपलं. त्या जागी सिमेंट ठासलं की दगडाचं तोंड बांधल्यासारखं होतं. पाणी आतच राहतं, वाट शोधतं, आणि दगडाची कातडी सोलून बाहेर येतं. तुझ्या पोरीजवळ जे पडलं ते हे.

म्हणजे हाडं ठणठणीत आहेत. कातडीचा रोग झालाय, तोही बाहेरून आणलेला. सिमेंट हाताने, छिन्नीने, हळूहळू काढायचं आणि चुना भरायचा. त्याच्यासाठी इमारत पाडणं म्हणजे खरूज झाली म्हणून माणूस पुरणं.

पण हे सभेत नुसतं बोलून कोणी ऐकणार नाही. काचा जुलैपर्यंत टिकल्या पाहिजेत आणि तो गाढव सापडला पाहिजे. त्याने उभं राहून सांगितलं पाहिजे, कधी भरलं आणि कुठे भरलं. सोलवटणारे दगड तिथेच असतील, बघ तू. त्याचं नाव शोधून काढ.

त्या खुणा पाथरवटांच्या. जो दगड ज्याने घडवला त्यावर त्याची खूण. शोभेसाठी नाही. उद्या दगडात खोट निघाली तर मी इथे आहे, मला विचारा, एवढाच त्याचा अर्थ.

भुताचं मी माझ्या धाकट्या भावाला कळवलंय. तो म्हणतो, भूत देखणं असणार. - मामी


८ मे

मामा, मामी,

दोन महिने लिहिलं नाही. रागावला असाल. लिहायचं धाडसच झालं नाही.

सात नंबरची काच तुटली. सज्जातली. एप्रिलच्या तीन तारखेला सकाळी बघितलं तर मधोमध आरपार. मी तिथेच जिन्यावर बसले. खाली कशी आले आठवत नाही. त्याच दिवशी ट्रंक भरली. गुंडीचे कपडे, माझ्या दोन साड्या, सगळं. तुमचे जावई म्हणाले, "जायचं तर जाऊ, मी कुठेही काम करीन." ते इतक्या पटकन म्हणाले की मलाच धक्का बसला. मग मी ट्रंक उघडीच ठेवली. रोज सकाळी उठून ठरवते, आज जायचं. मग म्हणते, आधी बाकीच्या आठ बघून येते. त्या तशाच असतात. मग ट्रंक उद्यावर जाते.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही म्हणालात काच भीड धरत नाही. मग तुम्ही पण म्हणणार, पाडा.

गेल्या आठवड्यात इंजिनियर मोजमाप घ्यायला आले. त्यांना तुटलेली काच दिसली. हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाकडे बघून हसतात तसे. "झालं का तुझं काचेचं समाधान?" म्हणाले. मी घरी येऊन दिवसभर भांडी आपटली.

आता तुम्हीच सांगा, येऊ का?

भाची


१५ मे

पोरी,

काच तुटल्यावर महिनाभर गप्प बसलीस आणि महिनाभर तिथेच राहिलीस. तुला भित्री म्हणू की काय म्हणू, मलाच कळेना.

ट्रंक आहे तिथे राहू दे. मला एवढं सांग. बाकीच्या आठ अजून शाबूत आहेत ना? सज्जात दोन होत्या. एक तुटली, दुसरी नाही. दोन्हींत अंतर किती? आणि तुटलीचं एक टोक कशावर होतं, दुसरं कशावर? अंदाजाने लिहू नकोस. वर जा, हात लाव, नखाने खरवड, आणि मग लिही.

इंजिनियरला हसू दे. तो हसला, पण त्याने टोकं बघितली नाहीत ना? मग तू त्याच्या पुढे आहेस.

आणि त्या सिमेंटवाल्याचं नाव मी मार्चमध्ये विचारलं होतं.

मामा


२६ मे

मामा, मामी,

वर गेले. हात लावला. एक टोक दगडावर आहे. दुसरं लाकडावर, मामा! सज्जाच्या दाराची चौकट आहे. तिला कोणीतरी दगडाच्याच रंगाचा रंग दिलाय. मी घाबरत घाबरत चिकटवली, मला दगडच वाटला. नख लावलं तर रंग निघाला आणि खाली लाकूड. ओल आली की ते दार अडकतं, ऊन पडलं की सैल होतं, मला रोज झाडताना कळतं, पण डोक्यात आलं नाही. लाकूड हललं, भिंत नाही. दुसरी काच चार हातांवर आहे, दगडापासून दगडापर्यंत, ओरखडा पण नाही. वीस मेला मी सातवी नवीन लावली, आधी दोन्हीकडे नख लावून.

दीड महिना मी एका चौकटीला घाबरत होते. हसू पण आलं आणि स्वतःचा राग पण आला.

आता दुसरं. हे आधीच सांगायला पाहिजे होतं.

तो गाढव तुमचा जावई आहे.

तीन वर्षांपूर्वी, आमच्या लग्नाच्या आधी, उत्तरेच्या दरजा त्यांनीच भरल्या. इंजिनियरांनी कागदावर सिमेंट लिहून दिलं होतं, ह्यांनी भरलं. तेव्हा कोणी काही म्हणालं नाही, उलट काम बघून फादरांनी ही खोली दिली. तुमची पत्रं मी त्यांना वाचून दाखवते. मार्चचं पत्र पण दाखवलं. थापी फेकून मारावी, तिथपर्यंत वाचलं आणि ते उठून बाहेर गेले. तो तुकडा अजून त्यांच्या खिशात आहे. सगळे दगड तुम्ही म्हणालात तिथेच सोलवटतायत, जिथे ह्यांचं सिमेंट आहे तिथेच. बाकी भिंतीला काही नाही.

मी त्यांना म्हटलं, सभेत सांगा. ते म्हणाले, "सांगितलं तर ह्या गावात मला कोण काम देईल? आणि इंजिनियरसाहेबांच्या विरोधात मी बोलू? मी?" मी पुढे काय बोलणार? घरात पोर आहे.

तुम्ही दिलेल्या शिव्या परत घेऊ नका. पण आता काय करायचं ते सांगा.

भाची


१० जून

पोरी,

हे पत्र माझं एकटीचं आहे. तुझं पत्र वाचून दाखवल्यापासून तुझे मामा बोलले नाहीत. जेवतात, अंगणात बसतात, हातातल्या हातात काहीतरी चुरतात. मी म्हटलं, जावयाचा एवढा राग? मान हलवली, नाही. म्हटलं, मग काय? उठून गेले.

पन्नास वर्षांच्या संसारात असं दोनदाच झालंय. पहिल्यांदा का झालं ते मला कधी कळलं नाही. आता कळेलसं वाटतंय. धीर धर. गुंडीला दात आला का?

मामी


२४ जून

जावईबापू आणि पोरी, दोघांना,

पोरी, हे त्याच्यासमोर वाच. मोठ्याने वाच.

मी पण सिमेंट भरलंय. तेव्हा तुझ्या आईचं लग्न पण झालं नव्हतं. आमच्याकडे असंच एक जुनं चर्च होतं, ह्याच्यापेक्षा लहान, मनोरा मात्र सरळ वर गेलेला, बघताना टोपी पडायची. सिमेंट तेव्हा नवीन आलं होतं. चुना भिजवा, महिनाभर मुरवा, कोण करणार? पोतं फोडलं की काम सुरू. मुकादम म्हणाला भर, मी भरलं. माझ्या उस्तादाने खाली उभं राहून मला सांगितलं होतं, हे करू नकोस. मी म्हटलं, तुमचं वय झालं.

दहा वर्षांत मनोरा सोलवटायला लागला. माणसं म्हणाली, जुनं झालं, पाडा. मला माहीत होतं का सोलवटतोय. भरणाऱ्यांपैकी मी एकटाच गावात उरलो होतो. सभा झाली, मी गेलो नाही. पाडायला लागले त्या दिवशी दार लावून घरात बसलो. हिने विचारलं तर पोटात दुखतंय म्हणालो. चार दिवस आवाज येत होता. आतला गाभा इतका पक्का होता की त्यांच्या पहारी वाकल्या. संपलेली इमारत म्हणे.

आयुष्यभर घडवलेल्या प्रत्येक दगडावर मी खूण केली. त्या सिमेंटवर नाही केली. मार्चमध्ये तुझ्यावर ओरडत होतो जावईबापू, ते खरं कोणावर, हे तुला कळलं असेल.

तू उभा राहा असं मी सांगणार नाही. मला तो हक्क नाही. दार लावून बसलेला माणूस पुढे कसा राहतो तेवढं मी सांगू शकतो. चांगला राहतो. जेवतो, झोपतो, म्हातारा होतो. फक्त कोणी जुनं बांधकाम दाखवायला नेलं की त्याला अचानक पोटात दुखतं.

पोरी, तू वाकू नकोस. तुला आठ काचा चार महिने माहीत आहेत. त्यांना काय माहीत आहे?

मामा

(शिवी एकही नव्हती. मी मधे मधे थांबले होते, अक्षर म्हणून हललंय. - मामी)


१२ जुलै

मामा, मामी,

परवा सभा झाली. समोरच्या शाळेच्या हॉलमध्ये, कारण चर्चमध्ये बसायला सगळे घाबरतात. गुंडीला शिंपीणबाईंकडे ठेवलं. तुमचे जावई माझ्याबरोबर आले, येताना हात सारखा खिशात, त्या तुकड्यावर. तुमचं पत्र वाचल्यापासून ते असेच होते. मी एकदाही विचारलं नाही, बोलणार का म्हणून.

आधी इंजिनियर बोलले. पडद्यावर तड्यांचे फोटो दाखवले, एवढे मोठे केलेले की आपलं घर असतं तरी पळालो असतो. मग नवीन हॉलचं चित्र. मग अध्यक्षांनी विचारलं, कोणाला काही बोलायचंय?

मी उभी राहिले. रोज काचा बघून लिहिते ती वही हातात होती, पण तिच्याकडे बघायची गरजच पडली नाही. म्हटलं, भिंत सरकत असती तर काचा तुटल्या असत्या. नऊ लावल्या. त्यातल्या आठ काचा मार्चपासून शाबूत आहेत. एक तुटली ती माझ्या चुकीने, मी ती लाकडावर लावली होती. परत लावली, सात आठवडे झाले, तिला काही नाही. दगड सोलवटतायत ते फक्त सिमेंटजवळ. धिरे घट्ट आहेत. हाडं चांगली आहेत.

थोडे हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "झाडूवाली आता इमारत शिकवणार."

"हो," मी म्हटलं. "रोज आत जाणारी मी एकटीच आहे. तुम्ही आत जाऊन आला असाल तर सांगा, मी खाली बसते."

हसणारे खाली बघायला लागले. इंजिनियर मात्र शांतपणे म्हणाले, "बाई, भावना समजते. पण खरं सांगा, त्या कमानीखाली तुमच्या मुलीला घेऊन बसाल?"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मला कळलं, हो म्हटलं तर मी आई नाही आणि नाही म्हटलं तर मी खोटी. मग एवढा राग आला की भीती कुठे गेली कळलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "पोर माझी आहे साहेब, तुमचा पुरावा नाही. तिच्या जिवावर मी कोणाशी पैज लावणार नाही. माझा जीव माझा आहे. मी बसते. तुम्ही येताय?"

तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची सरकली. तुमचे जावई उभे होते. खिशातून तो तुकडा काढला, पुढे गेले आणि अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "हा उत्तरेच्या भिंतीचा. ह्याच्या कडेला करडं दिसतंय ते सिमेंट. मी भरलं. तीन वर्षांपूर्वी. कागदावर तसं लिहिलं होतं, पण हात माझा होता. त्या भिंतीत माझ्या हाताने भरलं तिथेच दगड सोलवटतोय, एक हात इकडे नाही आणि तिकडे नाही. चूक इमारतीची नाही. माझी आहे. मी काढून देतो."

इंजिनियरांचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं आता ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "सगळीकडे तेच भरतात." हे म्हणाले, "हो साहेब. म्हणूनच मी पण भरलं." तेव्हा मला पहिल्यांदा इंजिनियरांची कीव आली.

पण मी बोलून बसले होते. हॉलमधून निघाले, रस्ता ओलांडला, चावी माझ्याकडेच असते, मोठं दार उघडलं. पाटी होती तिथेच. आत गेले आणि ज्या कमानीखाली इंजिनियरांनी दोरी बांधलीय ती दोरी ओलांडून पहिल्या बाकावर जाऊन बसले. एकटी. वर बघितलं नाही. आता मी ते छत वर न बघता ओळखते. मामा, बाहेर एवढी गडबड आणि आत एवढं शांत. एवढ्या वर्षांत किती माणसं इथे अशीच येऊन बसली असतील, घाबरलेली, भांडून आलेली. त्या सगळ्यांना पुरून हे उरलंय. मला वाटलं, मला पण पुरेल.

मग पावलं वाजली. पहिले हे आले, दोरीच्या आत, माझ्या शेजारी बसले. मग नर्सबाई. बसड्रायव्हर दोरीपाशी थांबला आणि म्हणाला, "छत मानतो म्हणालो होतो, आता पळता पण येत नाही," आणि आला. मग फादर, काठी टेकत. ते बसले आणि म्हणाले, "पाच महिने झाले मी इथे आलो नव्हतो. लाज वाटते." मग इतर. सगळे नाही आले. बरेच दाराशीच थांबले, अध्यक्ष पण. इंजिनियर शेवटी आले. बसले नाहीत. माझ्या काचा एकेक करून बघत फिरले, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना नख लावून. सज्जात पण जाऊन आले. खाली उतरले तेव्हा हसत नव्हते.

मत तिथेच घेतलं. पाडायचं आत्ता नाही, एक वर्ष थांबायचं, म्हणणारे सहाच जास्त निघाले. वर्षभरात उत्तरेच्या भिंतीतलं सिमेंट हाताने काढायचं, चुना भरायचा. दोरी तशीच राहणार, आणि काचा आता इंजिनियर माझ्याबरोबर महिन्याला बघणार. तुमच्या जावयांचं एक बाहेरचं काम दुसऱ्या दिवशी गेलं, त्या मालकाने दारातूनच परत पाठवलं. घरी येऊन म्हणाले, "बरं झालं. इकडे वेळ मिळेल." चुना कसा मुरवायचा ते त्यांना येत नाही. मामा, डोळे नसले तरी हातांना कळतं असं तुम्हीच म्हणायचात. दोघंही या. ट्रंक मी रिकामी केलीय, तुमचे कपडे त्यात बसतील.

मत झाल्यावर अध्यक्ष दारातूनच कागद वाचत होते. वाचून झाल्यावर चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आणि ह्या वर्षभरात एक जरी दगड पडला तर, बाई?"

"तर खाली झाडत मीच असेन, साहेब," मी म्हटलं. "तुमच्या आधी मला कळेल."

भाची